एका गाडग्याची सोळा मतं

‘‘कुणाच्या घरी फुटकी मडकी आहेत का?’’ नांदवडेकर बाईंनी विचारलं आणि आठवी ‘ब’मधल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडं वळल्या. माझी मान खाली होती, तरी मला कळलं. असल्या वेळी कानामागं गरम होतं.

‘‘बाई, मडकंच बसलंय की तिसऱ्या बाकावर,’’ मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

हे नाव मला आदिराज शिंत्रेनं पाचवीत ठेवलं होतं. आदिराज आमचा मॉनिटर. माझं खरं नाव प्रांजल कुंभार. गडहिंग्लजच्या कुंभारगल्लीत आमचं घर, घरासमोर भट्टी, आणि शाळेत कुणी ‘पप्पा काय करतात’ विचारलं की मी ‘बिझनेस’ असं सांगून पेन्सिलीला टोक करत बसायचे.

बाई हसल्या नाहीत. ‘‘पोतंभर खापरं मिळतील, प्रांजल?’’

‘‘मिळतील.’’

‘‘काय म्हणालीस?’’

‘‘मिळतील म्हणाले.’’

आठवीत मी दिवसाला साधारण एवढंच बोलायचे. आता अकरावीत आहे आणि घरात मला ‘मधे श्वास घे गं’ असं सांगावं लागतं. मधल्या काळात काय झालं असं कुणी विचारलं की मी त्या शनिवारची गोष्ट सांगते.

तर नांदवडेकर बाई आम्हाला इतिहास शिकवायच्या आणि त्यांना प्राचीन ग्रीसचं वेड होतं. पुस्तकात दीड पान होतं, बाईंनी त्यावर तीन आठवडे लावले. अथेन्सचे लोक चौकात जमून भांडायचे कसे, नाटकं सकाळी सुरू होऊन दिवसभर चालायची कशी, पळायच्या शर्यतीआधी अंगाला तेल चोपडायचे कसे, हे सांगताना त्या वर्गात इतक्या फिरायच्या की आमच्या माना दुखायच्या. त्या वर्षी त्यांनी हेडसरांच्या मागं लागून शाळेत ‘ग्रीक दिवस’ ठरवून घेतला होता. ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर उभं राहून प्रत्येक वर्गातलं एक मूल अथेन्सचा नागरिक म्हणून भाषण करणार, समोर नऊशे मुलं.

आमच्या वर्गातून कोण, हा प्रश्नच नव्हता. चौथीपासून प्रत्येक पंधरा ऑगस्टला आदिराजच बोलत आला होता. ह्या वेळी तो थेमिस्टोक्लीस होणार होता. इराणचा राजा चाल करून येणार, तर अथेन्सकरांनो, चांदीच्या खाणीतला पैसा वाटून खाऊ नका, जहाजं बांधा, असं सांगणारा पुढारी. आदिराज मधल्या सुट्टीत बाकावर चढून ‘जहाजं बांधा’ म्हणून ओरडायचा. चांगलं ओरडायचा, खोटं कशाला सांगू.

पण भाषण मीही लिहिलं होतं. अथेन्सच्या एका कुंभाराच्या पोरीचं. ती दिवसभर मडक्यांवर देवांची आणि वीरांची चित्रं रंगवते, पण चौकात बोलायला मात्र तिला बंदी. हे भाषण मी फक्त सृष्टी हत्तरकीला वाचून दाखवलं होतं, तेही आमच्या भट्टीमागं. सृष्टी माझी मैत्रीण, पहिलीपासून एकाच बाकावर.

ऐकून तिनं कागद माझ्या हातातनं घेऊन परत एकदा वाचला. मग म्हणाली, ‘‘हे तूच बोलायचंस.’’

‘‘आदिराज असताना?’’

‘‘असताना कशाला,’’ ती म्हणाली आणि उठून घरी गेली.

खापरं हवी होती ती वेगळ्याच कामाला. बाईंनी फळ्यावर मडकं काढलं, ते फोडलं, आणि तुकड्यांवर एकेक नाव लिहिलं.

‘‘अथेन्समध्ये वर्षातनं एकदा लोकांना विचारायचे, गावात कुणी फार वरचढ झालंय का? बहुमत ‘हो’ म्हणालं, की दोन महिन्यांनी सगळे चौकात यायचे. कागद महाग, खापर फुकट. ज्याला घालवायचं त्याचं नाव खापरावर कोरायचं आणि टाकायचं. सहा हजार खापरं पडली की मोजणी. ज्याचं नाव जास्त, त्यानं दहा दिवसांत गाव सोडायचं. दहा वर्षं परत यायचं नाही.’’

‘‘पण त्यानं केलं काय असायचं?’’ आदिराजनं विचारलं.

‘‘काहीच नाही. आरोप नाही, वकील नाही, बचावाचं भाषण नाही. त्याची इस्टेट जप्त नाही, अब्रू जात नाही. फक्त, जा.’’

‘‘हे अन्यायाचं आहे, बाई.’’

‘‘आहेच. लोकशाही नवीन होती, भीती जुनी होती. आपण शनिवारी करून बघू. दहा वर्षांऐवजी दहा दिवस. ज्याचं नाव येईल त्यानं इतिहासाच्या तासाला आणि तालमीला ग्रंथालयात बसायचं. ग्रीक दिवस नवव्या दिवशी आहे, तोही ग्रंथालयातच.’’

वर्गात कुजबुज सुरू झाली. सगळे आदिराजकडं न बघता बघत होते. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा तो, नावाखाली पट्टीनं रेघ आखून पुढं फुल्या मारणारा तो.

‘‘बाई, अथेन्समध्ये बायकांना मत नव्हतं,’’ मागच्या बाकावरनं यश म्हणाला. ‘‘मग मुली?’’

‘‘इतिहासाचा तेवढा भाग मी खपवून घेणार नाही,’’ बाई म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पांनी अंगणातल्या ढिगातनं पोतं भरून दिलं. ‘‘फुटकं मागायला आलेली शाळा आयुष्यात पहिल्यांदा बघतोय,’’ ते म्हणाले. मी मात्र एकेक खापर निवडून घेतलं, फार पक्कं भाजलेलं नको, नाहीतर त्यावर खिळा चालत नाही.

शनिवारी सकाळची शाळा. बाईंनी पोत्यातनं मोजून एकोणपन्नास खापरं काढली, प्रत्येकाला एक, आणि उरलेलं पोतं कपाटात कुलूप लावून ठेवलं. खिळे, कंपासची टोकं, कुणी केसातला चाप काढलेला. एकोणपन्नास जणं एकदम खापरावर कोरायला लागल्यावर जो आवाज होतो तो ऐकून शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले.

‘‘काय चाललंय, बाई?’’

‘‘लोकशाही,’’ बाई म्हणाल्या, आणि सर गेले.

आदिराजनं स्वतःचं बोट कापून घेतलं. कुणीतरी विचारलं, ‘‘बाई, आडनाव बसत नाही, नुसतं नाव चालेल का?’’ चालेल म्हणाल्या. मी यशचं नाव लिहिलं, कारण पोत्याला त्यानं येता-येता लाथ मारली होती.

अथेन्सचे लोक जमातीजमातीनं वेगवेगळ्या दारांतनं चौकात यायचे, म्हणून बाईंनी बाकांच्या रांगांना जमाती केलं होतं. प्रत्येक जमातीतल्या एकानं पिशवीत खापरं पालथी गोळा करायची आणि व्हरांड्याच्या टोकाला ठेवलेल्या रांजणात नेऊन ओतायची. रांजण आमचाच. तिसऱ्या रांगेची खापरं सृष्टीनं नेली, आणि चौथ्या रांगेतलं कुणी उठेना म्हणून त्यांचीही. परत आली तेव्हा ती घामेजली होती. मी म्हटलं, ‘‘एवढ्याशा पिशवीनं दमलीस?’’ तिनं हातरुमालानं नुसतं तोंड पुसलं.

मग मोजणी. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. बाई म्हणाल्या, ‘‘प्रांजल, तू काढ. तुझ्या हातांना सवय आहे.’’ कुणी हसलं नाही. सगळ्यांना निकाल हवा होता.

मी एकेक खापर काढून बाईंना द्यायचे, बाई वाचायच्या, आदिराज स्वतः फळ्यावर रेघ मारायचा, मॉनिटर म्हणून. ‘‘यश.’’ ‘‘आदिराज.’’ ‘‘सानिका.’’ ‘‘आदिराज.’’ एकावर ‘गणित’ निघालं, ते बाद झालं.

दहाव्या की अकराव्या खापराला माझा अंगठा थांबला.

आमच्याकडचं मडकं आतनं गुळगुळीत असतं. पप्पांचं चाक मोटरवर चालतं आणि पप्पांचा हात तीस वर्षांचा. ह्या खापराच्या आतल्या अंगाला तीन खोल रेघा होत्या, शेजारी शेजारी, जशी कुणी बोटं घाबरून दाबली असावीत. मी ते बाईंना दिलं. ‘‘आदिराज.’’ चार खापरांनंतर परत तसंच. ‘‘आदिराज.’’ मग परत. मी काढतच राहिले, कारण थांबले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं का थांबलीस.

ते गाडगं मी पोत्यात घातलंच नव्हतं. घालणार कुठून? मे महिन्याच्या सुट्टीत चाकावर बसून मी स्वतः वळलेलं ते पहिलं गाडगं होतं. दोन नारळांएवढं, तोंडाशी वाकडं. पप्पा म्हणाले होते मोडून टाक, परत कर. मी मोडलं नाही. भाजलं आणि दुसऱ्या दिवशी सृष्टीला तिच्या वाढदिवसाला दिलं.

‘‘आदिराज, पंचवीस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘यश, नऊ. बाकी किरकोळ. एकूण एकोणपन्नास, बरोबर. आदिराज, तुला गाव सोडायला लागणार.’’

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवतील असं मला वाटलं होतं. आदिराजनं खडू ठेवला, हात झटकले, आणि दप्तरातनं भाषणाचे कागद काढून बाईंच्या टेबलावर ठेवले. चार पानं. कडेला लाल पेनानं कुठं थांबायचं त्याच्या खुणा केलेल्या होत्या. बोटाला बांधलेला रुमाल सुटला होता, तो त्यानं दातांनी परत बांधला. तो रडला असता तर बरं झालं असतं.

‘‘मग कट्ट्यावर कोण बोलणार?’’ बाई म्हणाल्या. ‘‘प्रांजल, सृष्टी मला सांगत होती, तू काहीतरी लिहिलंयस म्हणे. कुंभाराच्या मुलीचं. बोलशील?’’

मी सृष्टीकडं बघितलं. ती बाकावरच्या भेगेत नख घालून काहीतरी उकरत होती.

काय सांगू, त्या क्षणी मला ते भाषण इतकं हवं होतं. मला कट्टा दिसला, नऊशे मुलं दिसली. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि वर्तमानपत्रावरच्या ढिगात माझ्या डाव्या हाताला एक काठ लागला, वाकडा. शेजारी दुसरा. मी ते दोन्ही नुसते जवळ नेले. खापर खापराला बसतं तेव्हा बारीक आवाज होतो, दाताला दात लागल्यासारखा.

‘‘बाई,’’ मी म्हणाले, ‘‘चिकटपट्टी आहे का?’’

‘‘काय?’’

‘‘चिकटपट्टी.’’

बाईंनी ड्रॉवरमधनं दिली. मी खाली बसकण मारली, आदिराजच्या नावाची सगळी खापरं पालथी केली आणि रेघा असलेली वेगळी काढली. सोळा. मग जोडायला लागले. सुरुवातीला ‘काय करतीय ही’ असं चाललं होतं, मग मागच्या रांगेतली पोरं बाकांवर चढली. माझी बोटं अशी पळत होती की मलाच गंमत वाटायला लागली. हा तुकडा इथला, हा पोटाचा, हा गळ्याचा. तळ नव्हता, एका बाजूला भोक राहिलं, पण पाच-सात मिनिटांत वर्तमानपत्रावर गाडगं उभं राहिलं, वाकड्या तोंडाचं, आणि त्यावर सोळा वेळा ‘आदिराज’. तिरकं, गोल, मोठं, बारीक. प्रत्येक अक्षर वेगळं काढलं होतं, त्यात कुठं चूक नव्हती.

‘‘बाई, ही सोळा मतं एका गाडग्याची आहेत. आणि हे गाडगं माझ्या पोत्यातलं नाही.’’

तीन वर्षांत मी वर्गात एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते. बाई खुर्चीवर बसल्या. मला वाटलं रागावतील. त्यांचे डोळे चमकत होते.

‘‘मुलांनो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अथेन्सच्या टेकडीजवळ एका विहिरीत एकशे नव्वद खापरं सापडली. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस. अक्षरं तपासली तर निघाले चौदाच हात. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवली होती, लोकांना वाटायला. हे कळायला अडीच हजार वर्षं लागली. हिनं पाच मिनिटांत काढलं.’’

‘‘पण पोत्यातलं नाही म्हणजे कुठलं?’’ आदिराजनं विचारलं. आवाज जरा चिरकला होता.

‘‘माझं. मी केलेलं.’’

‘‘म्हणजे तूच लिहिलंस.’’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सगळ्या माना परत माझ्याकडं वळल्या, आणि ह्या वेळी माझी मान वर होती, त्यामुळं मला सगळ्यांचे चेहरे दिसले.

‘‘मी लिहिलं असतं तर जोडून कशाला दाखवलं असतं?’’

‘‘पकडली जाशील म्हणून,’’ यश म्हणाला. यशला तर्क कधी जमला नाही.

‘‘मग कुणी लिहिलं?’’ बाईंनी विचारलं.

मी सृष्टीकडं बघितलं नाही. मुद्दाम. ‘‘ते मी सांगणार नाही, बाई. गाडगं मी कुणालातरी दिलं होतं, एवढंच.’’

‘‘सांगितलं नाहीस तर लोक तुझंच नाव घेतील.’’

‘‘घेऊ देत.’’

बाईंनी खुर्ची मागं सारली. मग कपाट उघडलं, पोतं ओढलं, आणि नव्यानं एकोणपन्नास खापरं वाटली. ह्या वेळी पिशव्या नाहीत, प्रत्येकानं स्वतः जाऊन रांजणात टाकायचं, बाई शेजारी उभ्या. परत तो कर्कश आवाज. शेजारचे सर परत आले नाहीत.

मीच काढली. मीच एकेक आतनं, बाहेरनं, कडेनं बघितलं आणि मग बाईंना दिलं. ‘‘प्रांजल.’’ ‘‘यश.’’ ‘‘प्रांजल.’’ ‘‘आदिराज.’’ ‘‘प्रांजल कुंभार,’’ एकानं आडनावासकट बसवलं होतं, खाली सरळ रेघ मारून.

एकवीस. आदिराजला आठच.

तेव्हा सृष्टी उभी राहिली. ती बाकाला धरून उभी होती.

‘‘बाई, मी केलं. हिला माहीत नव्हतं. नळापाशी थांबून मी खापरं बदलली. आमच्या घरात मातीचं दुसरं काही नव्हतंच.’’

वर्गात गोंधळ उठला. ‘‘बाई, मग हा निकाल रद्द करा,’’ कुणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, ‘‘तिसऱ्यांदा लिहू या.’’

‘‘तिसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही,’’ आदिराज बोट वर करून म्हणाला. रुमाल लाल झाला होता. मग माझ्याकडं न बघता, ‘‘मी पण हिचंच लिहिलं होतं. चुकलं.’’

‘‘कळलं मला,’’ मी म्हणाले. ‘‘आखून रेघ मारलेलं खापर एकच होतं.’’

त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं.

‘‘प्रांजल,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तू म्हणत असशील तर मी रद्द करते.’’

माझं काळीज इतकं धडधडत होतं की मला उड्या माराव्यात असं वाटत होतं, आणि ती भीती नव्हती. मी ढिगातनं ओंजळभर खापरं उचलली.

‘‘नको बाई. पहिली मतं खोटी होती, ही खरी आहेत. मी प्रत्येक बघितलंय. ह्यातलं एकही दुसऱ्याला सांधत नाही.’’

मग मी टेबलावरचे भाषणाचे कागद उचलून आदिराजच्या हातात दिले. ‘‘जहाजं बांधा,’’ म्हटलं, आणि दप्तर घेऊन निघाले. मागं बाईंचा आवाज आला, ‘‘सृष्टी, तुलाही दहा दिवस. आणि ते मतानं नाही, माझ्या हुकमानं.’’

ग्रंथालय जिन्याखाली होतं. पाठोपाठ चपलांचा आवाज आला. सृष्टी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. वर पंखा करकरत होता.

‘‘तू जोडायला लागलीस तेव्हाच उठणार होते मी,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘पायच उठले नाहीत.’’

मी दप्तर टेबलावर ठेवलं.

‘‘तुझं भाषण त्याच्यापेक्षा चांगलं होतं. तू कधीच बोलली नसतीस स्वतःहून. मला वाटलं, जागा रिकामी झाली की...’’ तिनं नाक ओढलं. ‘‘आणि खापर म्हणजे खापर. त्याला ओळखायचं काय असतं, असं वाटलं मला.’’

‘‘कशानं फोडलंस?’’ मी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘गाडगं. कशानं फोडलंस?’’

‘‘वरवंट्यानं.’’ तिचा चेहरा पार पडला. ‘‘सॉरी, पांजू. मला खरंच—’’

‘‘एका घावात?’’

‘‘नाही. पहिल्यांदा मारलं, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा मारलं, तर वरवंटाच घसरला. तिसऱ्यांदा आईच्या पाट्यावर ठेवून दोन्ही हातांनी घातला तेव्हा कुठं फुटलं.’’

‘‘तीन?’’ मी खुर्चीतनं उठलेच. ‘‘खरं सांग. माझ्या पहिल्या गाडग्याला तीन घाव लागले?’’